पुण्याचे दोन बाजार

प्रवासवर्णन म्हटले की हिमालय, रामेश्वर, निदान गिरसप्प्याचा धबधबा तरी पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ज्या ठिकाणी आपण दर आठवड्यास पिशवी घेऊन जातो, ते ठिकाण वर्णनास योग्य आहे असे सहसा कोणास वाटत नाही. पुण्यास येणारा पाहुणा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो, सारसबागेतील गणपतीचे दर्शन घेतो आणि परतीच्या गाडीपूर्वी धावतपळत बाकरवडीचा पुडा विकत घेतो. त्या धावपळीत या शहराचे एक पाहण्याजोगे स्थळ आपण ओलांडून गेलो, याची त्यास दादही नसते. बाजार हे ते स्थळ होय. गेल्या महिन्यात आम्ही आमच्या सौभाग्यवतींसह पुण्यातील दोन बाजार एकाच दिवशी मुद्दाम सावकाश पाहिले. सकाळी जुना, दुपारी नवा. त्या पाहण्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

जुना बाजार म्हणजे अर्थात मंडई. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरत असे. 1886 साली मंडईची ही दगडी इमारत उभी राहिली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यापासून चोहोंकडे फुटलेले लांब पंख, वर उतरती कौलारू छपरे. विलायती धाटणीची ही वास्तू गवार आणि घेवडा विकण्याकरिता बांधली आहे, हे प्रथम पाहणाऱ्यास खरे वाटू नये. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवर होणाऱ्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या खटपटीने याच इमारतीस महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्याने नको म्हटले, त्याच्याच नावे ती वास्तू आज उभी आहे. पुण्यास अशा विसंगतीचे वावडे नाही.

मंडईत विक्रेता उंच ओट्यावर मांडी घालून बसतो आणि गिऱ्हाईक खाली उभे राहते. मान वर करून भाव विचारावयाचा, ही तेथील रीत. प्रथमदर्शनी वाटते की, या मांडणीत गिऱ्हाइकाची बाजू लंगडी आहे. वस्तुतः तसे नाही. विकणाराची सारी कला येथे उघड्यावर असते. तो पालेभाजीवर पाणी शिंपडतो, ते आपल्यासमक्ष शिंपडतो. टोमॅटोच्या राशीत चांगले पुढे आणि मऊ पडलेले मागे लावतो, ते आपण पाहत असतो. 'आजचाच माल आहे, मावशी' हे वाक्य तो ज्या चेहऱ्याने उच्चारतो, तो चेहरा आपल्यापुढे असतो आणि त्यावरून खऱ्याखोट्याचा अदमास बांधता येतो. शेवटी तो कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या फुकट टाकतो. त्या फुकट नाहीत, हे तोही जाणतो, आपणही जाणतो, आणि तरीही त्या घेताना बरे वाटते.

या कलेस उत्तर देणारी कला गिऱ्हाइकाच्या हातात असते. भेंडीचे टोक मोडून पाहावयाचे, दुधीस नख लावावयाचे, नारळ कानापाशी नेऊन हलवावयाचा, वांगे तळहातावर तोलावयाचे. जड लागले तर आत बिया फार. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना व्याकरण आणि गणित शिकविले, पण भेंडीची परीक्षा आम्हांस आजही नीट येत नाही. सौभाग्यवतींस येते, आणि ती त्यांस त्यांच्या सासूबाईंनी याच ओट्यांपुढे उभे करून शिकविली. मंडईशेजारच्या तुळशीबागेत तर हा सामना अधिकच रंगतो. पेशवाईतील सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी 1761 च्या सुमारास तेथे राममंदिराच्या बांधकामास आरंभ केला. आज त्या रामाच्या भोवती बांगड्या, फणेरे, पितळी भांडी आणि भातुकलीची खेळणी यांची दुकाने एकमेकांस खेटून बसली आहेत. तेथे विक्रेत्याने दुप्पट सांगावयाचे, बाईने निम्म्यास मागावयाचे, 'परवडत नाही' म्हणून त्याने हात झटकावयाचे, तिने चार पावले पुढे जावयाचे आणि पाचव्या पावलास मागून हाक यावयाची. नफ्याची वासना तेथे काही कमी आहे काय? मुळीच नाही. परंतु ती समोरासमोर आहे.

किराणा मालाची कथा थोडी निराळी. आमचा वाणी रविवार पेठेतला. तो काही साधुपुरुष नव्हता. तांदळात खडे सापडत, तिखटाच्या रंगाविषयी शंका घ्यावयास जागा असे, आणि मापात पाप ही म्हण कोणा कवीच्या कल्पनेतून निघालेली नाही. शिवाय त्याच्या उधारीच्या वहीत आमचा पगार, आमची दुखणी, आमच्या घरची लग्नकार्ये सर्व नोंदलेली असत, आणि साखर दोन किलो जास्त मागितली की कोण पाहुणे आले, याचा तो तपास करी. परंतु एक गोष्ट खरी. वाण्याच्या दुकानात फळीच्या अलीकडे आपण उभे, पलीकडे तो आणि त्याचे डबे. काय पाहिजे, हे आपण तोंडाने सांगितल्यावाचून डबा उघडावयाचा नाही. म्हणून महिन्याची यादी घरी होत असे. दिव्याखाली, पेन्सिलीने, कोणता डबा कितपत रिकामा झाला आहे ते पाहून. गरज ठरविण्याचे काम घरात पुरे झाल्यावर मग पाऊल दुकानाकडे पडे.

(पुण्याच्या दुकानदाराविषयी बाहेरचे लोक नाना गोष्टी सांगतात, दुपारी एक ते चार दुकान बंद, गिऱ्हाइकाकडे पाहण्याची तसदी नाही, भिंतीवर उपदेशपर पाट्या. त्यात अतिशयोक्ती आहे. सर्वच अतिशयोक्ती नाही. मात्र विकण्याविषयीची ही अनास्था हीदेखील एक जाहिरातच होती, असे आता वाटते. ज्यास विकावयाची घाई नाही, त्याचा माल चांगला असलाच पाहिजे, असे आपले मन म्हणे.)

नवा बाजार पाहावयास आम्ही मंडईतूनच निघालो. मंडईच्या पोटाखालून आता रेल्वे धावते. 2024 च्या सप्टेंबरअखेर ती सुरू झाली. कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि शिवाजीनगर ही स्थानके जमिनीखालीच जातात. त्यानंतर गाडी एकाएकी वर येते आणि खडकी, बोपोडी, दापोडी ही एकेकाळची दूरची गावे खिडकीतून सपाट्याने मागे पडतात. पिंपरीस आमचा भाचा राहतो. त्याची पत्नी एका बँकेत अधिकारी आहे. तिला शनिवारची सुटी होती आणि तिनेच हे दालन दाखविण्याचे पत्करले. दालनाचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी अनेक आहेत, आणि एकास झाकावे व दुसऱ्यास काढावे इतका त्यांच्यात सारखेपणा आहे.

दारात पहाऱ्यावरील मनुष्याने आमची कापडी पिशवी घेतली आणि बिल्ला दिला. आत पाऊल टाकताच गार हवा अंगावर आली. खिडकी कोठेही नाही आणि घड्याळही दिसले नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात थोड्या वेळाने आली. बाहेर ऊन आहे की सांज झाली, हे कळावयास मार्ग नव्हता. हातात एक चाकाची गाडी आली. तिच्यात आमच्या रविवार पेठेच्या दोन महिन्यांच्या याद्या सहज मावल्या असत्या. तळाशी चार जिन्नस पडले की ती उलट अधिकच रिकामी दिसू लागते. ही गाडी 1937 साली अमेरिकेत ओक्लाहोमा शहरी सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने प्रचारात आणली. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे त्याने हेरले होते. आरंभी लोक गाडीस हात लावीनात. तेव्हा त्याने माणसे भाड्याने ठेवली आणि गिऱ्हाइकांचे सोंग देऊन त्यांस गाड्या ढकलीत दुकानभर फिरविले. ते पाहून मग इतरांची भीड चेपली.

मुळात गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलावा, ही कल्पनाच शंभर वर्षांहून थोडी अधिक जुनी आहे. 1916 साली मेंफिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स याने असे पहिले दुकान काढले आणि पुढल्या वर्षी त्या दुकानाच्या रचनेचे पेटंट मिळविले. पेटंट कशाचे, तर वाटेचे! फिरत्या दांड्याच्या दारातून आत शिरावयाचे आणि बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक फळीसमोरून जावयाचे, अशी ती एकमार्गी वाट होती. आपल्या देवळातील प्रदक्षिणेसारखीच म्हणावयाची. भेद एवढाच की, देवळात गाभारा एक असतो आणि येथे पावलापावलावर गाभारे. साँडर्सच्या दुकानातून वाण्याचा नोकर गेला, फळी गेली, आणि तोंडाने मागण्याची गरज गेली. मागावयाचे नाही म्हटल्यावर, काय मागावयाचे ते आधी ठरविण्याचीही गरज उरली नाही.

आम्ही वाटेने चालू लागलो. दाराशीच साखर आणि कांदा अत्यंत स्वस्त असल्याची पाटी होती, आणि ते खरेच स्वस्त होते. त्यावर दुकानास काही सुटत नसेल, क्वचित पदरचेही जात असेल. परंतु साखरेकरिता आलेले माणूस केवळ साखर घेऊन परत जात नाही, हा हिशेब त्यामागे असतो. दूध, तूप, पीठ यांसारखे रोजचे जिन्नस दालनाच्या अगदी मागच्या अंगास होते. तेथवर पोचेपर्यंत बिस्किटे, साबण, पडदे, प्लास्टिकचे डबे आणि मुलांचे चड्डी-सदरे एवढ्यांची भेट होते. डोळ्यांच्या उंचीवर ज्या वस्तू होत्या, त्यांपेक्षा स्वस्त वस्तू गुडघ्याच्या उंचीवर होत्या. सौभाग्यवतींस गुडघेदुखीमुळे वाकणे कठीण पडते, म्हणून हा भेद त्यांस प्रथम जाणवला. डोळ्यांसमोरची जागा मिळावी म्हणून कारखानदार दुकानदारास वेगळा मोबदला देतात, हा या धंद्यातील सर्वश्रुत व्यवहार आहे. मुलांची बिस्किटे आणि रंगीत गोळ्या मात्र खाली होत्या. तेथे डोळ्यांची उंची मुलाची धरलेली होती.

एका वळणावर आम्ही थबकलो. तांदूळ, गहू, तूर आणि मूग यांच्या उघड्या राशी लाकडी खोक्यांतून मांडल्या होत्या आणि बायका त्यांत हात घालून दाणे तळहातावर घेऊन पाहत होत्या. भोवती वाट मुद्दामच चिंचोळी, थोडी दाटी, थोडी ढकलाढकल. क्षणभर मंडईत असल्याचा भास झाला. हा भासही योजलेला असतो. 2001 साली निघालेल्या बिग बझार या दुकानांचे चालक किशोर बियाणी यांनी हे प्रथम ओळखले. रुंद, स्वच्छ, शांत दालनात आपल्याकडील साधे गिऱ्हाईक बुजते आणि निघून जाते, असे त्यांच्या पाहण्यात आले. म्हणून त्यांनी वाटा अरुंद केल्या, माल राशीने मांडला, आणि गर्दी व गोंगाट ही उणीव न मानता भांडवल मानले. आपल्या धंद्याचा वृत्तांत त्यांनी 2007 साली पुस्तकरूपाने प्रसिद्धही केला. ती दुकाने कर्जाच्या भाराखाली येऊन 2022 साली बंद पडली, परंतु युक्ती इतरांनी उचलली. मंडईतील दाटी जागेच्या टंचाईने झालेली आहे. येथील दाटी आराखड्यात आखून काढलेली आहे. दाण्यात हात घालणाऱ्या त्या बायका तूर जशी पारखीत होत्या, तशी समोरच्या बंद पुड्यातील वस्तू त्यांस पारखता येणार नव्हती. पण हातास पारखल्याचे समाधान मिळून गेले होते.

बंद पुड्यांचे सांगावयाचे तर तेथे आमचे जुने गणित उपयोगी पडले. शाळेत आम्ही त्रैराशिक शिकवीत असू. आमच्या वडिलांच्या पिढीस पावकी-निमकी तोंडपाठ असे. पूर्वी आपल्या देशात अनेक नित्याच्या जिन्नसांच्या पुड्यांची वजने कायद्याने ठरलेली होती. शंभर ग्रॅम, दोनशे, पाचशे, एक किलो अशी. त्यामुळे दोन पुड्यांची तुलना पोरासही करता येई. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलले आणि हे बंधन काढण्याचे ठरले. आता एका पुड्यात एकशे ऐंशी ग्रॅम तर दुसऱ्यात चारशे पस्तीस. किंमत तीच ठेवून वजन हळूच घटविणे हीही सर्वपरिचित चाल आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, बिस्किटे तेवढी कमी होतात. तथापि त्याच दुरुस्तीने एक उपकारही केला. दर ग्रॅमास अथवा दर मिलिलिटरास काय किंमत पडते, हा आकडा पुड्यावर छापणे भाग पडले. तो बारीक अक्षरात असतो. सौभाग्यवतींनी चष्मा पुसून दोन डबे उलटेपालटे केले आणि 'मोठा डबा, मोठी बचत' असे ज्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, तोच दर ग्रॅमास महाग असल्याचे भाचेसुनेस दाखविले. तिने डबा जागेवर ठेवला आणि हसून म्हणाली, "मामी, बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे व्याज मोजते, पण हा आकडा मी कधी वाचलाच नव्हता."

किमतीची आणखी एक गंमत. प्रत्येक वस्तूवर तीनशे नव्याण्णव, एकशे नव्याण्णव. कानावर प्रथम 'तीनशे' पडते. नव्याण्णव मागाहून येते आणि तोवर मन पुढे गेलेले असते. त्याखाली छापील किमतीवर काट मारून सवलत दाखविलेली. ही छापील कमाल किंमत, जिला सर्वजण एमआरपी म्हणतात, 1990 साली आपल्याकडे सक्तीची झाली. ग्राहकास जास्त मोजावे लागू नये, हा तिचा हेतू, आणि तो स्तुत्य आहे. परंतु तो आकडा ठरवितो कोण? औषधांसारखे काही जिन्नस सोडले तर माल बनविणाराच. म्हणजे ज्याने डोंगराची उंची स्वतः लिहिली, तोच आपणांस त्यावरून इतके हात खाली उतरवून दिल्याचे श्रेय घेतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यापेक्षा कठोर व्यवस्था सांगितली आहे. स्वदेशी मालावर व्यापाऱ्याने शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा घ्यावा. अधिक घेईल त्यास दंड. ही व्यवस्था आज चालेल असे आम्ही म्हणत नाही, त्या काळी तरी कितपत चालली असेल याचीही शंकाच आहे. पण आपला कायदा नफ्यास हात लावीत नाही, केवळ आकडा छापून घेतो, हा भेद सवलतीची पाटी वाचताना डोळ्यांपुढे असलेला बरा.

तेलाच्या फळीपाशी बाटल्यांवर 'कोलेस्टेरॉलविरहित' अशी ग्वाही होती. कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थ. शेंगदाणा, करडई वा सूर्यफूल यांच्या तेलात तो सांगण्याजोगा कधी नव्हताच. हे म्हणजे आमच्या वर्गातील मुलांना शिंगे नाहीत, अशी जाहिरात शाळेने करण्यासारखे झाले. विधान खोटे नाही. मात्र शेजारच्या बाटलीवर ते छापलेले नसेल, तर तिच्यात काही वाईट आहे, असे मनात येते. त्याहून गंभीर प्रकार मुलांच्या दुधात घालावयाच्या भुकटीचा. वर्षानुवर्षे ज्यास आरोग्यपेय म्हणून आयांनी विश्वासाने घेतले, त्यास ते नाव देण्यास कायद्यात आधारच नव्हता. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्यपेय' अशी व्याख्याच नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने ऑनलाइन दुकानांस सांगितले की, अशा पेयांस त्या सदरातून काढावे. यांपैकी कित्येक भुकट्यांत साखरेचे प्रमाण मोठे असते. भाचेसुनेने आपल्या सात वर्षांच्या मुलीकरिता घेतलेला डबा उलटून घटकांची यादी वाचली. बराच वेळ ती काही बोलली नाही. ती अशिक्षित नाही, निष्काळजी तर नाहीच नाही. तिने तो डबा घेतला तो प्रेमानेच घेतला होता. तेच प्रेम हेरून डब्यावर उंच उडी मारणाऱ्या मुलाचे चित्र छापलेले होते. याचाच आम्हांस त्या दिवशी सर्वांत अधिक राग आला.

पैसे देण्याच्या रांगेत पाऊण तास गेला. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंस पुन्हा गोळ्या, चॉकलेटे, दाढीची पाती. पुढच्या गृहस्थाचा लहान मुलगा हट्ट करू लागला आणि रांगेतून हलता येईना, म्हणून बापाने हार पत्करली. हे सर्व दालनाने एकही शब्द न बोलता केले. मंडईत आपणांस विक्रेता पटवितो. येथे पटविणारा कोणी दिसतच नाही. उलट, कोणी आग्रह केला नाही, जे घेतले ते आपल्या मर्जीने घेतले, अशा समजुतीत माणूस बाहेर पडते. आमच्या मते जुन्या आणि नव्या बाजारातील खरा भेद हा आहे. जुन्या बाजारात माणूस विकतो आणि नव्यात जागा विकते. माणसाशी हुज्जत घालता येते, त्याच्या चेहऱ्यावरून तर्क बांधता येतो, फार झाले तर त्याचे दुकान टाळता येते. भिंतीशी, फळीशी आणि वाटेशी हुज्जत कोण घालणार?

घरी चहा घेताना आम्ही हे बोलून दाखविले, तेव्हा भाचेसुनेने शांतपणे उत्तर दिले. ते येथे गाळणे अन्यायाचे होईल. ती म्हणाली, "मामा, तुमच्या मंडईत मला भाव करता येत नाही. मी नव्या कपड्यांत गेले की भाव वाढतो, आईसारख्या साध्या लुगड्यात गेले की ओट्यावरचा माणूस ओरडतो. वाण्याकडे काही वस्तू मागायला लाज वाटायची; चार पुरुष उभे असायचे, आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, जणू चोरीचा माल. इथे मी हवे ते उचलते, नको ते परत ठेवते, कोणी माझी जात, पगार, घर विचारत नाही." यास आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि नाही. ठरावीक किंमत ही भिडस्त माणसाची मोठी ढाल आहे, आणि वाण्याच्या फळीपुढे सर्वांस सारखी वागणूक मिळत होती, असे आम्ही म्हणू लागलो तर ते सत्यास सोडून होईल.

मग तिने भ्रमणध्वनी दाखविला. रोजची बरीच खरेदी ती आता त्यावरच करते. दहा-पंधरा मिनिटांत मुलगा दारात पिशवी आणून देतो. म्हणजे फळ्या, वाटा आणि दालन ही सर्व त्या काचेच्या तुकड्यात येऊन बसली आहेत. तेथील क्लृप्त्या तर सरकारलाच मोजाव्या लागल्या. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले आणि तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध ठरविले. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवून देणे; 'दोनच शिल्लक' अशी खोटी घाई लावणे; प्रथम कमी किंमत दाखवून शेवटी निरनिराळे आकार चढविणे; नको म्हणणाऱ्यास शब्दांनी लाजविणे. न्यायशास्त्रात हेत्वाभासांचे वर्गीकरण वाचले होते, त्याची आठवण झाली.

यावर उपाय म्हणून कोणी काही केलेच नाही, असे मात्र नाही. आणि जे झाले त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. 1974 साली याच शहरात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची वाटप-पद्धती आम्हांस विशेष मनोज्ञ वाटते. एका वस्तीतील काही कुटुंबांनी संघ करावयाचा, महिन्याच्या मालाची मागणी आधी कागदावर भरून द्यावयाची. संस्था सर्वांचा माल एकत्र घेते, आणि ठरल्या दिवशी संघातील मंडळीच तो आपसांत वाटून घेतात. सजविलेली फळी नाही, वळणाची वाट नाही. 1986 साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. आता त्याच्या जागी 2019 चा कायदा आहे. भाचेसुनेस ही पद्धत ठाऊक नव्हती. तिच्या सोसायटीत ऐंशी बिऱ्हाडे आहेत. 'एवढ्यांना एकत्र बसवायचे म्हणजे पार्किंगच्या भांडणापेक्षा कठीण,' असे ती म्हणाली खरी. पण वहीत काही टिपून घेत होती.

सायंकाळी स्थानकाकडे परतताना त्या दालनाच्या फाटकाबाहेर एक बाई हातगाडीवर भाजी विकीत होती. मेथी ताजी दिसली. सौभाग्यवतींनी जुडी उचलून देठ मोडून पाहिला आणि भाव केला. वीसवरून पंधरावर आला. आत तीच मेथी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कितीस होती, तेही त्यांनी सांगितले. बाई हसली. आम्ही विचारले, एवढ्या मोठ्या दुकानाच्या दारात आपली गाडी कशी चालते? ती म्हणाली, "चालती की. आतनं बाहेर आलं की लोकांस्नी कोथमिरीची आठवण येती." मग तिने गाडीखालचा डबा पुढे ओढून आम्हांस दाखविला. आत दालनाचा छाप असलेल्या पिशवीत तेलाच्या दोन पिशव्या होत्या. "आमी बी तेल तिथनंच घेतो, आजोबा. स्वस्त पडतं," असे म्हणून तिने मेथीच्या जुडीवर दोन मिरच्या ठेवल्या.